दुधाचे दात

घरात तान्हे मूल असले म्हणजे त्याच्या पहिल्या दाताची सारे घर वाट पाहत असते. सहा-सात महिने होत आले, की एके दिवशी पाणी पाजताना चमच्याला काहीतरी टणक लागते. आई बोट फिरवून पाहते, तो खालच्या हिरडीतून तांदळाच्या कणीएवढे पांढरे टोक वर आलेले असते. ही वार्ता घरभर होते आणि शेजारीपाजारीही जाते. पुढे सहा-सात वर्षांनी तोच दात हलू लागतो आणि एक दिवस गळून पडतो. पुष्कळ खेड्यांत असा दात शेणाच्या गोळीत घालून कौलांवर टाकण्याची रीत होती. दात पडल्याचे कोणाला वाईट वाटत नाही. कारण त्याच्या जागी नवा आणि अधिक बळकट दात येणार, हे लहानथोर सर्वांना ठाऊक असते.

पण याच माहितीतून एक मोठा गैरसमज वाढीस लागला आहे. जो दात पडणारच आहे, त्याची निगा राखून काय करावयाचे? तो किडला काय आणि न किडला काय, सारखेच, असे कितीतरी घरांत मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील ५१ कोटींहून अधिक बालकांचे दुधाचे दात किडलेले आहेत. यांपैकी अगदी लहान बालकांना आपले दात आपण घासता येत नाहीत. दुखते कोठे, हेही नीट सांगता येत नाही. त्यांचे दात दुसऱ्या कोणाच्या तरी हाती असतात आणि तो हात बहुधा आईचा असतो. आईला दातांविषयी काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, यावर त्या चिमुकल्या दातांचे भवितव्य पुष्कळसे अवलंबून राहते.

दुधाचे दात एकंदर वीस. पुढे आठ पटाशीचे, चार सुळे आणि मागे आठ दाढा. ते सहाव्या महिन्यापासून दिसू लागतात हे खरे. परंतु त्यांची घडण त्याच्या कितीतरी आधी, मूल आईच्या पोटात असतानाच सुरू झालेली असते. गर्भ चार महिन्यांचा होतो न होतो तोच त्याच्या जबड्यात पुढील दातांच्या अंकुरांवर खनिजाचा पहिला थर बसू लागतो. मूल जन्माला येते तेव्हा त्याचे तोंड बोळके दिसते, पण हिरड्यांच्या आत विसांच्या वीस दात दडून बसलेले असतात. अडीच-तीन वर्षांचे होईपर्यंत ते सर्व बाहेर येतात.

आता हे वीस दात कामे कोणती करतात? चावणे हे तर उघडच आहे. दुसरे काम बोलण्याचे. आरशासमोर उभे राहून त, थ, द, ध हे वर्ण उच्चारून पाहावेत. जिभेचे टोक दर वेळी वरच्या दातांच्या मागे जाऊन टेकते. व्याकरणात या वर्णांना दंत्य म्हणतात, ते याचमुळे. मूल बोलावयास शिकते त्याच वयात त्याचे पुढचे दात किडून झिजून गेले, तर हे वर्ण त्याला स्पष्ट उच्चारता येत नाहीत.

तिसरे काम मात्र पुष्कळांना ठाऊक नसते, आणि तेच फार महत्त्वाचे आहे. दुधाचा दात आपल्या खाली वाढणाऱ्या कायमच्या दातासाठी जागा राखून ठेवीत असतो. आगगाडीत प्रवासी आपल्या माणसासाठी बाकावर पंचा टाकून ठेवतो, तसाच हा प्रकार आहे. पंचा कोणी वेळेआधी उचलला, तर शेजारचे प्रवासी सरकून बसतात. किडलेली दुधाची दाढ वेळेआधी काढून टाकावी लागली, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंचे दात त्या मोकळ्या जागेकडे कलू लागतात. मग खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही आणि तो वाकडा येतो किंवा जबड्यातच अडकून पडतो. शिवाय दुधाच्या दाताची कीड मुळापर्यंत जाऊन तेथे पू झाला, तर त्याच्या अगदी खाली असलेल्या कायमच्या दाताच्या कोवळ्या अंकुरालाही इजा पोहोचते. तो दात पुढे डागाळलेला, खडबडीत असा उगवतो. हे सारे दात पाच-सहा वर्षांतच पडतात, असेही नाही. मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. हा पाठ वाचणाऱ्या काही मुलांच्या तोंडातही त्यांपैकी एखादी अजून शिल्लक असेल!

दात किडतो, असे आपण म्हणतो. या शब्दातच एक फार जुनी समजूत दडलेली आहे. दाताला खरोखरीचा किडा लागतो, असे पूर्वी जगातील बहुतेक देशांत मानीत. सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांमध्ये ‘कृमिदंतक’ नावाचा रोग सांगितला आहे. कृमी म्हणजे किडा. आपल्याकडे खेड्यापाड्यांत रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी दुखऱ्या दाढेला देत असत. युरोपातही खुरासानी ओव्याच्या बियांची अशीच धुरी देत, आणि मग खाली पडलेले बारीक पांढरे किडे रोग्याला दाखवीत. ते किडे नव्हतेच. उष्णतेने फुटलेल्या बियांतील ते कोंब होते. रोग्याला क्षणभर बरे वाटे, दाढ मात्र होती तशीच राही.

दातांजवळ जिवंत प्राणी असतात, हे अखेर खरे ठरले. पण ते निराळ्याच प्रकारचे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावी अँटनी व्हान लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी राहत असे. काचा घासून सूक्ष्मदर्शक भिंगे तयार करण्याचा त्याला मोठा नाद होता. तो रोज सकाळी मिठाने दात घाशी. तरीही दातांच्या फटींत पिठासारखा पांढरा लगदा साचलेला त्याला दिसला. तो खरवडून, पाण्यात कालवून त्याने भिंगाखाली धरला, तो काय? त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले! १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून त्याने ही हकिगत कळविली. या जंतूंचा आणि दातांच्या किडीचा संबंध स्पष्ट होण्यास मात्र आणखी दोनशे वर्षे लागली. विलोबी मिलर या अमेरिकन संशोधकाने जर्मनीत बर्लिन येथे काम करीत असताना उपटलेले दात लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात ठेवून पाहिले. पिठाळ व गोड पदार्थांवर जंतूंची क्रिया होऊन आम्ल तयार होते आणि त्या आम्लात दात विरघळू लागतो, हे त्याच्या ध्यानात आले. त्याचा ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला. पुढे १९२४ साली लंडनमधील संशोधक क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून एक विशिष्ट जंतू वेगळा काढला. ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ हे त्याचे नाव.

दाताच्या वरच्या चकचकीत कवचाला दंतवल्क म्हणतात. मानवी शरीरात याहून कठीण पदार्थ दुसरा नाही. त्याच्या शंभर भागांतील सुमारे ९६ भाग निव्वळ खनिज असते. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते. परंतु दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी दात बाहेर येतायेताच नाहीशा होतात. म्हणून त्यात एकदा भोक पडले, की शरीराला ते बुजविता येत नाही. त्यातही दुधाच्या दातांचे कवच कायमच्या दातांपेक्षा पातळ असते. मोठ्या माणसाच्या दाढेत कीड आतपर्यंत पोहोचण्यास जो काळ लागतो, त्याच्या मानाने बालकाच्या दाढेत ती फारच लवकर पोहोचते.

गोड पदार्थ तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातांवर आम्ल तयार होते. मग लाळ हळूहळू ते धुऊन काढते आणि विरघळलेले थोडे खनिज परत दातावर बसविते. यास साधारण अर्धा ते एक तास लागतो. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या काही वर्षांत हे प्रत्यक्ष मोजून दाखविले. यावरून एक गोष्ट निघते, ती घराघरांतील समजुतीपेक्षा वेगळी आहे. मूल गोड किती खाते, यापेक्षाही ते किती वेळा खाते याला अधिक महत्त्व आहे. जेवताना खाल्लेला एक लाडू दातांना जितका बाधतो, त्याहून दिवसभर थोडी थोडी चघळलेली गोळी अधिक बाधते. कारण लाळेला आपले काम पुरे करण्यास अवसरच मिळत नाही. याचा सर्वांत मोठा पुरावा स्वीडनमधील व्हिपेहोम येथील रुग्णालयात १९४५ नंतरच्या काळात केलेल्या प्रयोगांतून मिळाला. तेथील बौद्धिक दृष्ट्या दुर्बल रुग्णांना मुद्दाम चिकट मिठाई देऊन त्यांचे दात किडू दिले गेले. ज्यांना नकार देता येत नाही अशांवर असा प्रयोग करणे हा अन्याय होता. त्यातून मिळालेले ज्ञान आज सारे जग वापरते, आणि म्हणूनच ते कोणाच्या दातांवर मिळाले, हे विसरून चालणार नाही.

झोपेत लाळ फार कमी सुटते. नेमकी हीच गोष्ट पुष्कळ आयांना ठाऊक नसते. रडणारे मूल झोपावे म्हणून त्याच्या तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली दिली जाते. मूल ओढता ओढता झोपी जाते, आणि गोड दूध तसेच दातांभोवती रात्रभर साचून राहते. खालच्या पुढच्या दातांवर जिभेचे आच्छादन असते, म्हणून ते बहुधा वाचतात. वरचे पुढचे चार दात मात्र प्रथम बळी पडतात. बाटलीमुळे होणाऱ्या या किडीचे वर्णन फास नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९६२ साली केले. बाटलीऐवजी मधात बुडविलेले बोट किंवा चोखणी दिली, तरी परिणाम तोच होतो. अंगावरच्या दुधाविषयी मात्र गैरसमज नसावा. पहिले सहा महिने बालकाला त्याखेरीज दुसरे काहीच लागत नाही, आणि पुढेही ते त्याचे उत्तम अन्न आहे. दात आल्यानंतर ते दात निजण्यापूर्वी स्वच्छ करावेत, एवढेच.

कीड पहिल्याच दिवशी काळी दिसत नाही. आरंभी हिरडीलगत, वरच्या दातांवर खडूने ओढावी तशी मंद पांढरी रेघ उमटते. दात ओले असताना ती दिसतही नाही. फडक्याने टिपून, वरचा ओठ उचलून उजेडात पाहिले तरच दिसते. या अवस्थेत कीड थांबविता येते. रात्रीचे गोड बंद केले, दात नियमाने घासले आणि दंतवैद्याने फ्लुओराइडचा लेप दिला, तर ती रेघ पुन्हा टणक होऊ शकते. काही महिने गेले की तीच रेघ पिवळी, मग तपकिरी होते आणि खळगा पडतो. तोपर्यंत मूल रात्री दचकून उठू लागते, एकाच बाजूने चावते, जेवणाचा कंटाळा करते. ‘हल्ली हट्टी झाला आहे’ असे घरातील माणसे म्हणतात! दाढ फार किडलेल्या मुलांना पोटभर जेवता येत नाही आणि त्यांचे वजनही हवे तसे वाढत नाही. ती पांढरी रेघ पाहण्याची संधी कोणाला मिळते? दवाखाना दूर असतो. मूल मांडीवर असते ते आईच्या. परंतु काय पाहावयाचे हे जर तिला कोणी सांगितलेच नाही, तर रोज डोळ्यांसमोर असूनही ती रेघ तिला दिसत नाही.

आईचे स्वतःचे दातही येथे आड येतात. किडीचे जंतू बालकाच्या तोंडात बहुधा दात आल्यानंतर बस्तान बसवितात, आणि ते येतात मोठ्या माणसांच्या लाळेतून. घास गार आहे की नाही हे पाहण्यासाठी आई तो आधी आपल्या तोंडात घालते, एकाच चमच्याने स्वतः खाते व बाळाला भरविते. यात मायाच असते. पण तिच्या तोंडात किडलेल्या दाढा असतील, तर तिच्याकडून जंतूही तितकेच अधिक जातात. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९८३ च्या सुमारास केलेल्या अभ्यासात असे दिसले, की आयांच्या दातांवर वेळीच उपचार करून त्यांच्या तोंडातील जंतू कमी केले, तर त्यांच्या बाळांच्या तोंडात ते उशिरा येतात. अर्थात बाळाचा पापा घेणे सोडावे असा याचा अर्थ नव्हे. आईने आपली दुखरी दाढ अंगावर काढू नये, असा आहे. ‘पोटातले बाळ आईच्या दातांतला चुना ओढून घेते, त्याला इलाज नाही,’ असे काही स्त्रिया मानतात व गरोदरपणी दवाखान्यात जाण्याचे टाळतात. बाळ आईच्या दातांतून काहीही घेत नाही. महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे ती मशेरीची. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड दात घासण्यासाठी म्हणून हातावर घेतली जाते आणि तिचे व्यसन जडते. आईचे पाहून लहान मुलीही ती बोटावर घेतात. तिने दातांचे रक्षण तर होत नाहीच, उलट हिरड्यांना व साऱ्या शरीराला अपाय होतो. गरोदर स्त्रीच्या पोटातील बाळालाही तो होतो.

आईला योग्य माहिती मिळाली तर खरोखर फरक पडतो काय? ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरात हे पाहण्यात आले. सार्वजनिक रुग्णालयांत येणाऱ्या सहाशेंहून अधिक पहिलटकरणींचे दोन गट केले. एका गटाला बाळाच्या दातांविषयीची माहिती तीन वेळा, म्हणजे गरोदरपणी, बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर आणि वर्षाचे झाल्यावर लिहून दिली. दुसऱ्या गटाला दिली नाही. मुले सुमारे वीस महिन्यांची झाल्यावर त्यांचे वरचे पुढचे दात तपासले. माहिती मिळालेल्या आयांच्या मुलांपैकी शेकडा १.७ मुलांचे दात किडलेले होते. माहिती न मिळालेल्यांच्या मुलांपैकी शेकडा ९.६. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले.

यावरून, पत्रके छापून वाटली की काम झाले, असे कोणालाही वाटेल. पण कॅनडातील एका प्रयोगाची हकिगत याहून बोधप्रद आहे. व्हँकूव्हर शहराजवळ सरे नावाचे गाव आहे. तेथे भारतातून जाऊन स्थायिक झालेली पंजाबी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांच्या लहान मुलांमध्ये दातांची कीड फार होती. सहा ते अठरा महिने वयाची २४० बालके आणि त्यांच्या आया या प्रयोगात घेतल्या. सर्व आयांना माहितीपत्रक दिले आणि चित्रफीतही दाखविली. म्हणजे ज्ञान सर्वांना सारखेच मिळाले. त्यांपैकी निम्म्या आयांशी मात्र त्यांच्याच समाजातील स्त्रियांनी पाऊण तास बसून बोलणे केले. हे बोलणे उपदेशाचे नव्हते. तुमचे मूल मोठे झाल्यावर त्याचे दात कसे असावेत असे तुम्हांला वाटते, घरात काय करणे जमेल, काय जमणार नाही, सासूबाई काय म्हणतील, असे विचारून त्या ऐकून घेत. मग बाटली सोडविण्याच्या, दात घासण्याच्या अनेक उपायांतून आईने आपल्याला झेपेल तो स्वतः निवडावयाचा. पुढे वर्षभरात सहा वेळा दूरध्वनीवरून विचारपूस होई. वर्ष संपले तेव्हा केवळ पत्रक मिळालेल्या आयांच्या मुलांत दर मुलामागे नव्या किडीची सरासरी १.९१ भरली, ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांच्या मुलांत ती ०.७१ होती.

हे असे का व्हावे? पहाटे उठून पाणी भरणारी, मुलाला कडेवर घेऊन मजुरीला जाणारी स्त्री रात्री अंथरुणावर पडते तेव्हा रडणाऱ्या मुलाच्या तोंडातून बाटली काढणे तिला किती अवघड जात असेल! दुधात साखर घालू नये हे तिला कळते. पण ‘बिनसाखरेचे दूध का कोणी पाजते?’ असे घरातील वडील मंडळींनी म्हटले, की तिचा नाइलाज होतो. दुकानातील बिस्किटाचा पुडा स्वस्त असतो, आणि रडणारे मूल त्याने गप्प बसते. म्हणून मुलाचे दात किडले की ‘आईचे लक्ष नाही’ असे म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. आईला जे ठाऊक आहे ते आजीला, वडिलांना आणि मुलाला सांभाळणाऱ्या थोरल्या भावंडांनाही ठाऊक असावे लागते. स्कॉटलंडमध्ये २००६ पासून ‘चाइल्डस्माइल’ नावाची योजना सुरू आहे. तिच्यातील कार्यकर्त्या घरी जाऊन आयांना भेटतात, आणि बालवाड्यांतून शिक्षिका रोज सर्व मुलांकडून दात घासवून घेतात. तेथे शाळेच्या पहिल्या वर्गात आलेल्या मुलांपैकी २००३ साली शेकडा ४५ मुलांचे दात किडीपासून मुक्त होते. २०२२ साली हे प्रमाण शेकडा ७३ झाले. आपल्याकडे गावोगावी अंगणवाड्या १९७५ पासून सुरू झाल्या. शाळा-अंगणवाड्यांतील मुलांची आरोग्यतपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथूनच सुरू झाला, आणि त्यात दातांची तपासणीही अंतर्भूत आहे.

प्रत्यक्ष करावयाचे ते फारसे खर्चाचे नाही. दात येण्यापूर्वी ओल्या, स्वच्छ फडक्याने हिरड्या पुसाव्यात. पहिला दात दिसताच मऊ केसांच्या लहान ब्रशाने तो दिवसातून दोनदा घासावा. त्यांपैकी एक वेळ निजण्यापूर्वीची असावी आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नये. वर्षाचे मूल पेल्याने पिऊ शकते, तेव्हा बाटली हळूहळू सोडवावी. फ्लुओराइड असलेली पेस्ट तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. जाहिरातीतील चित्रात ब्रशभर पेस्ट दिसते, ती पेस्ट विकणाऱ्याच्या हिताची. फ्लुओराइड थोडे असले तर दात बळकट करते, फार झाले तर अपाय करते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या विहिरींत व कूपनलिकांत ते मुळातच अधिक आहे. तेथील मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. ते डाग घासून जात नाहीत, आणि त्यात मुलांचा काही दोषही नसतो. अशा गावी पिण्याचे पाणी बदलणे हाच खरा उपाय आणि पेस्टविषयी वैद्याचा सल्ला घ्यावा.

तीन-चार वर्षांचे मूल ‘मीच घासणार’ म्हणून ब्रश हिसकावून घेते. त्याने घासावे, पण मागून मोठ्या माणसाने एकदा हात फिरवावा. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मुलाच्या बोटांना मागच्या दाढांपर्यंत नीट पोहोचण्याचे कौशल्य आलेले नसते.

आणि याच सुमारास एक फसवणूक होते. सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, चारही बाजूंना एकेक नवी दाढ निघते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, रक्त येत नाही, हलणे-दुखणे नाही. त्यामुळे ती आल्याचे घरात कोणाला कळतही नाही. कळले तरी तिला दुधाचीच दाढ समजून ‘पडेल आणि दुसरी येईल’ असे म्हणतात. ती कायमची दाढ असते. मूल जन्मले त्याच सुमारास तिच्या अंकुरावर पहिला थर बसू लागलेला असतो, आणि ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. ही दाढ किडण्याचे प्रमाण फार मोठे आहे, कारण तिच्या माथ्यावर खोल घळी असतात आणि वर येताना कित्येक महिने ती शेजारच्या दाढेहून ठेंगणी राहते. सरळ फिरविलेला ब्रश तिच्यावरून नुसताच निघून जातो. त्यासाठी ब्रश गालाकडून आडवा घालून त्या ठेंगण्या दाढेच्या माथ्यावर टेकवावा लागतो.